आजोबांच्या बापाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ

रजा काढून जवाहरनगरहून आजोबांच्या गावच्या शाळेत गेले. जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं, पण वडिलांच्या नावाची जागा कोरी. गुरुजींनी विचारलंच नसेल, की लिहायची हिंमत झाली नसेल?

तिथून तडक आत्याकडे गेले, आजोबांचे वडील कोण ते विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मालगुजार, गावच्या जमिनीचा मालक. साऱ्या गावाले माहीत होतं."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय होते? माहा बाबा लहानपनी एकडाव त्याच्या दारात गेला. तुमी माहे बाप का, म्हून इचारलं. त्यानं गड्याले सांगितलं, याले जेवू घाल अन् पाठवून दे."

"मग?"

"भूक लागली होती. जेवला."

शाळेला जागा दिली म्हणून त्या मालगुजाराचा फोटो तिथल्या भिंतीवर आहे. निघताना मी त्याला नमस्कार करून आले होते.