तळघरातलं कोरडं पिंप

मिलवॉकी, २८ मार्च

ती. नॉर्बर्ट दाजींना,

कॅझिमिरचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलेलाच आहे.) तुमचं आणि लोरेनताईचं ॲरिझोनात बरं चाललं असेलच, तिथं ऊन आहे, आणि फोनवरून सल्ले द्यायला भरपूर वेळ. आई छान आहे. शहाऐंशीव्या वर्षीही जिना उतरून माझ्या कामातल्या चुका काढते.

बर्फ वितळला आणि तळघरात घोटाभर पाणी आलं, हे तुम्हाला कळवायची दुर्बुद्धी मला झाली. तुम्ही लगेच निकाल दिलात: झिरपलेलं पाणी जमून पंपानं बाहेर फेकायचं ते जमिनीत पुरलेलं पिंप वडिलांच्या काळातलं, ते फुटलं असणार, ईस्टरपर्यंत तळघर कोरडं झालं नाही तर घर विकायचं आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. नाताळात तुम्ही स्वतः तासभर एकटे खाली बसून पंप ‘तपासला’ होता, तेव्हा तुमच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

शेजारचा एल्मर मदतीला येतो म्हणाला. मी रीतीप्रमाणे “छे छे, कशाला त्रास” म्हणालो. हे तीनदा झाल्याशिवाय आपल्याकडे माणूस उंबरा ओलांडत नाही, तोवर पाणी आणखी दोन बोटं चढलं. मग आम्ही फरशी फोडली, भाजक्या मातीचं जुनं पिंप तुकड्या-तुकड्यांनी काढलं आणि प्लास्टिकचं नवं बसवलं. एल्मर म्हणाला, “बाजूला भोकं पाडायला हवीत, नाहीतर पाणी आत यायचं कुठून?” पण फोनवर तुम्ही होता ना! “अरे कॅझ, नव्या कोऱ्या भांड्याला भोकं पाडतोस? वेड लागलंय का?” पडलो मी धाकटा मेहुणा, ऐकलं. काठ फरशीच्या वीतभर वर ठेवून भोवती सिमेंटही भरलं.

सकाळी सगळ्या तळघरात पाणी, आणि कोरडी जागा एकच: पिंपाच्या आत. आईनं तिथं बटाट्यांचं पोतं ठेवलं.

शेवटी एल्मरनं माझे पाय धरले आणि मी डोकं खाली करून आतून, सिमेंटसकट आरपार, भोकं पाडली. आई जिन्यावरून ओरडली, “फार वेळ उलटा राहू नकोस रे, घर विकलं जाईल!” (असं का म्हणाली, ते खाली येईल.) असो. पंप चालतो आहे, तळघर कोरडं आहे, आई कुठंही जाणार नाही. तिच्याशिवाय मला हे घर खायला उठलं असतं, हे थट्टेत सांगत नाही.

आपला,
कॅझिमिर

ता. क. जुन्या पिंपाच्या तळाशी संत जोसेफ सापडले. वीतभर उंच, डोकं खाली, पाणी चढलं की वर येऊन पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या गोळ्यात अडकलेले. म्हणून पंप सुरूच होत नव्हता. पिंपाला काहीही झालं नव्हतं, पण हे कळेपर्यंत ते आम्ही फोडलं होतं. पायाशी तुमच्या गावच्या दुकानाची चिठ्ठी आहे. घर लवकर विकलं जावं म्हणून लोक त्यांना अंगणात उलटं पुरतात. डिसेंबरात आपलं अंगण दगडासारखं गोठलेलं असतं, तुम्ही तरी काय करणार!

ता. क. दुसरा. मूर्ती आता आमच्याकडे नाही. आईनं ती पुसून, कागदात गुंडाळून तुमच्या शेजारीणबाईंना पाठवली आहे. तुमच्या अंगणात पुरायला. डोकं खाली, हे तिनं दोनदा लिहिलं आहे. म्हणाली, “बारा वर्षं झाली लेक लांब जाऊन. घर विकायचंच ना? मग त्यांचं विकू.” लोरेनताईची वरची खोली तिनं झाडून ठेवली आहे. तुमची गादी तळघरात घालतो. आता अगदी कोरडं आहे.