मापाशिवाय शिवलेला फ्रॉक

मंगळवार, ११ जून
(तारीख सासऱ्यांना विचारून लिहिली. ते अकरा म्हणाले, म्हणजे अकराच.)

बबे,

तुला आणि तुझ्या नवऱ्याला आशीर्वाद. ठकीच्या गालावर माझी एक पापी, नको म्हणाली तरी.

तुझं पत्र मिळालं. फोन बंद झाल्यापासून टपालाचाच आधार, आणि तेही मनात आलं तर येतं. शेजारचे औषधवाले माल आणायला तुमच्या गावी निघालेत, म्हणून घाईघाईत लिहितेय. घाई त्यांना. मला कसली आलीय?

आम्ही बरे आहोत. तुझे भावोजी रोज तुटलेल्या विजेच्या तारा जोडायला जातात. म्हणतात, भांडणाऱ्यांच्या बाजू दोन असल्या तरी फ्रीज सगळ्यांचेच बंद पडलेत. संध्याकाळी ते दारात दिसले की माझा जीव भांड्यात पडतो आणि लगेच मी त्यांच्यावर खेकसते. सासरे दिवसभर घरात बूट घालून बसतात, पळायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून. कुठे पळणार विचारलं तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. मी बूट घातलेत."

दुकान उघडते. शाळाच बंद, तर गणवेश कोण शिवून घेणार? पण चौकात आरडाओरडा सुरू झाला की मशीनवर बसते आणि दोरा न ओवताच पायडल मारत राहते. त्या खडखडाटात बाहेरचं ऐकू येत नाही. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "जरा जोरात चालव गं, मलाही ऐकू यायला नको." मग त्या भाजी निवडत बसल्या आणि मी हवा शिवत बसले. खरं सांगते, बरं वाटलं.

ठकीचा फ्रॉक पाठवतेय. निळा, तिला हवा तसा, खिसेवाला. थंडीत तिला तुझ्याकडे सोडली, तेव्हाच्या मापानेच मी कापड कापायला घेतलं होतं. जन्मभर लोकांना सांगत आले की पोरांचं जुनं माप चालत नाही, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी अक्कल गहाण. सासरे बघत होते. म्हणाले, "सूनबाई, पोर तिकडे वाढत नाहीये का?" मी कात्री खाली ठेवली.

वरच्या बाईंची मुलगी ठकीच्याच वर्गातली. तिला बोलावलं. ती हात पसरून उभी राहिली, गुदगुल्या होतात म्हणून खिदळायला लागली. छातीभोवती टेप धरला आणि मला आकडाच दिसेना. शेवटी अंदाजानेच शिवला. आतल्या शिलाईत कापड भरपूर सोडलंय. आखूड झाला तर उसवून वाढव, दोन वर्षं सहज जाईल.

दोन वर्षं. बघ, तोंडाने मी "लवकरच नेते तिला" म्हणते, आणि हाताने काय शिवून ठेवलंय.

आता ते दुसरं. तुझ्या पत्रात अगदी शेवटी, बारीक अक्षरात होतं ते. ठकी हल्ली तुला आई म्हणते, आणि तू दर वेळी "मी मावशी" म्हणून सांगतेस. मी वाचून न वाचल्यासारखं केलं. राग आला, बबे. तुझा आला, तिचा आला, मग ज्यांच्यामुळे पोर लांब ठेवावी लागली त्या सगळ्यांचा आला. मशीन चालू ठेवून पोटभर रडले. सासरे उठून बाहेर गेले, बूट होतेच पायात.

मग विचार केला. पोर काही उगाच हाक मारत नसेल. पडली असेल, घाबरली असेल, झोपेतून दचकली असेल. आणि कुणी जवळ घेण्याआधी तिची चूक काढायची? तिला आणखी किती समजून घ्यायला लावायचं आपण?

तेव्हा आता सुधारू नकोस तिला. आई म्हणून हाक मारली तर ओ दे. लगेच दे. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाईट वाटणारच आहे, ते माझं मी बघेन.

तुझी ताई,
ठकीची इकडची आई