गार्गीच्या आजीला कोणी थांबवू नये

मी, विनीता प्रमोद देवस्थळी, वय एकाहत्तर, मूळची पुण्याची, आता सिंगापूरची नागरिक, राहणार बुकित बातोक, असे लिहून ठेवते की ही माझी अखेरची इच्छा असून यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलगा सौमित्र मेलबर्नला असतो, दबाव आणायचा तर त्याला आधी फोन करावा लागेल.

१. राहता फ्लॅट सौमित्रला मिळावा आणि त्याने तो विकावा. आईची आठवण म्हणून कुलूप लावून ठेवू नये. कढीपत्त्याची कुंडी मी शेजारच्या मिसेस लिम यांना आधीच देऊन टाकली आहे, पाणी त्याच घालतात. या पत्राची अंमलबजावणीही सौमित्रने करावी.

२. कॅरमबोर्ड माझे दीर रवींद्र यांना. तो कित्येक वर्षे त्यांच्याच घरी आहे. मी मागून थकले, आता दिल्याचे समाधान तरी घेते.

३. आता जे सांगण्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, ते. माझे यजमान कै. प्रमोद आणि मी शनिवारी घरी मुलांना मराठी शिकवत असू. दर गणेशोत्सवात तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी कथास्पर्धा ठेवत असू. मुले इंग्रजी शाळांतली; घरी मराठी बोलत, पण लिहीत ती रोमन अक्षरांत. म्हणून प्रमोद प्रत्येक कथा आपल्या सुंदर अक्षरात देवनागरीत उतरवत आणि मगच ती परीक्षकांकडे जाई. उतरवता उतरवता ते थोडे नीटनेटकेही करत. पालकांना त्यात काही वावगे वाटत नसे. पालकांपैकी सुरेखाताईंच्या घरी तर नीटनेटके आधीच झालेले असे. त्यांच्या मुलाच्या कथेतला आठवीतला नायक ‘तद्वतच’ म्हणत असे.

वर्गातली गार्गी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला लिहायला मीच मागे लागून लावले. तुझ्याकडे जे आहे तेच लिही, म्हटले. तिने आजीवर लिहिले. नाशिकहून आलेली आजी दिवसभर कॉन्डोमध्ये एकटी असते, रोज सकाळी खालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, जाऊन चहा घेते, कंटाळते, आणि एक दिवस परत जाते. तिने ते मला स्वयंपाकघरात वाचून दाखवले. माझी तव्यावरची पोळी करपली.

स्टेजवर पहिले बक्षीस जाहीर झाल्यावर प्रमोदनी ती कथा स्वतः वाचली. त्यांच्या कथेत आजी नातीला कवटाळते आणि सिंगापुरातच राहते. लोकांनी डोळे पुसले. गार्गी खाली येऊन एवढेच म्हणाली, “काका, माझी आजी थांबली नाही.”

“कथेत थांबवता येतं गं,” प्रमोद म्हणाले. त्यांना वाटले, आपण पोरीला काहीतरी दिले. मूळ कागद त्यांनी नेहमीप्रमाणे टाकून दिले होते.

गार्गीने पुन्हा कथा पाठवली नाही, शनिवारी येणेही सोडले. प्रमोद मात्र दर वर्षी विचारत, गार्गीची आली का? शेवटच्या आजारात नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्येही त्यांनी विचारले. त्यांच्या हातून काय झाले हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही, आणि इतक्या मायाळू माणसाला ते कळू नये याचे मला फार वाईट वाटते. ते गेल्यावर गार्गी भेटायला आली. आता दर रविवारी येते, लिटिल इंडियातून माझी भाजी आणते. लिहिण्याचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागते.

४. माझी बँकेतली सर्व शिल्लक शनिवारच्या वर्गाला, कथास्पर्धा चालू ठेवण्यासाठी. अटी: कथा मुलाने लिहिली तशीच राहावी. रोमन अक्षरे चालतील, वाक्याच्या शेवटी इथला ‘लाह’ चालेल. आईबापांनी आणि परीक्षकांनी शेवटाला हात लावू नये. वाचायची झाली तर मुलानेच वाचावी. मूळ कागद परत द्यावा. जिची कथा त्या वयात तिच्या हातून गेली, तिला वयाची अट नाही.

५. जेवणाचे मोठे टेबल, ज्यावर त्या कथा उतरवल्या जात, गार्गीला द्यायचे ठरवले होते. वकीलबाई म्हणाल्या, जो साक्षीदार असेल त्याला काही देता येत नाही. साक्षीदाराने वकिली मजकुरावर नुसती सही न करता आपल्या शब्दांत लिहावे अशी माझी इच्छा आहे, हेही मी गार्गीला सांगितले. टेबल हवे की साक्ष, ते तिनेच ठरवायचे होते. तिने भांडी घासता घासता सांगितले, साक्ष. म्हणून टेबल वर्गाला द्यावे.

वरील सर्व मी वाचून, समजून सही करत आहे.

विनीता प्रमोद देवस्थळी
बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार पहिली: मिसेस लिम, शेजारीण. यांना मराठी येत नाही, पण सही करताना पाहायला भाषा लागत नाही. (सही)

साक्षीदार दुसरी: मी गार्गी. काकूंनी माझ्यासमोर सही केली, मिसेस लिम पण होत्या. काकू म्हणाल्या तुझ्या शब्दांत लिही, कोणी हात लावणार नाही. ओके. टेबल माझ्या रूममध्ये मावलं नसतं लाह. माझी आजी रोज खाली जाऊन चहा घ्यायची. स्टॉलवाली आंटी चायनीजमध्ये बोलायची, आजी मराठीत. एक दिवस तिने अर्धा कप तसाच ठेवला आणि मला म्हणाली, मला इथं बोअर होतं, बाबाला सांग तिकीट काढ. मी सांगितलं. बाबांनी काढलं. आजी गेली. इथे संपते.

(सही) गार्गी