टपोरी कशी आहे?

२ फेब्रुवारी

सगळे कसे आहात? रोज सकाळी चहाच्या आधी मी हेच विचारते. टपोरी बरी. डबीच्या वरच्या कोपऱ्यात बसून, अंग वळवून माझ्याकडेच बघत होती. कोळ्याच्या जातीला एवढे मोठे डोळे देवाने का दिले असतील! तिच्या खाण्यासाठी पाळलेले रातकिडे बरे, ओरडून ओरडून कान किटवलेत. बरणीतल्या बारीक माश्या बऱ्या, फक्त केळं बदलायला हवं. माझा गुडघा नेहमीसारखा बोलका. मुलाला विचारलं, "बरा आहेस ना?" तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय!" म्हणजे बरा नाही.

राहिली नात. तिला मी काय विचारणार? तीच विचारते. आठ-पंधरा दिवसांनी मोबाईलवर तीन शब्द येतात — टपोरी कशी आहे? आजी कशी आहे नाही. बाबा कसा आहे, हे तर नाहीच नाही. मी दहा ओळी लिहून खाली 'लवकर लिही' असं घालते. त्यावर काही येत नाही. मग पुन्हा कधीतरी तेच तीन शब्द.

काल टपोरीची उडी चुकली. काचेवरून घसरून खाली पडली, आणि जणू कुणी बघितलंच नाही अशी मिश्या साफ करत बसली. म्हातारी झाली गं बाई. मला कळतं ना, मीही पायरी चुकले की असंच करते.

ती गेली की ते तीन शब्दही गेले. मग मी काय करू?

३ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते, घरात बोलायची सोय नाही.

नातीचे असे चार कोळी होते. उड्या मारणारे, केसाळ, अंगठ्याच्या नखाएवढे. बापाला पसंत नव्हते. "शिकायचं सोडून किडे पाळते!" एका संध्याकाळी दोघांची चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर डब्या खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात. तीन कोळी पाय आखडून पडलेले. टपोरी तेवढी वाचली, कारण तिला भरवायला मी स्वयंपाकघरात आणलं होतं.

"तू मारलंस त्यांना," पोरगी बापाला म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली.

आणि हा? तोंडातून चकार शब्द नाही! नुसता उभा. तिने बॅग भरली, लांबच्या शहरात नोकरी धरली. टपोरी माझ्याकडे ठेवून गेली, "तुझ्या खोलीतच ठेव" असं बजावून.

एकुलता एक मुलगा, एकुलती एक नात. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

९ फेब्रुवारी

पाळीव पक्ष्यांचं दुकान आहे ना कोपऱ्यावर, त्या पक्षीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे ह्याच जातीचा नर आहे असं कळलं होतं.

"आजी, या वयात सोयरीक जमवताय?"

"माझी नाही रे मेल्या, हिची!"

"हिचंही वय झालंय."

"म्हणून तर घाई. माणसाने काहीतरी मागे ठेवावं."

नर दिला बिचाऱ्याने, जाताना सांगितलं — आधी मादीला पोटभर जेवू घाला, नाहीतर नवरदेवाचंच जेवण होईल.

१२ फेब्रुवारी

टपोरीला दोन रातकिडे घातले. मग जावईबापूंना सोडलं. काळाभोर, तोंडाला हिरवट चमक. दोन्ही पुढचे पाय वर करून जो नाचायला लागला — एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, थांब, पुन्हा! मी भिंग डोळ्याला लावून श्वास धरून बसले. आयुष्यभर शिवणकाम करून नजर गेली, भिंग तेवढं हाताशी राहिलं. टपोरी हलेना. झेपावली तर खेळ खलास. पण नाही. जवळ येऊ दिलं तिने.

जावईबापू धडधाकट परत गेले.

२० फेब्रुवारी

टपोरीने झाकणाला लागून पांढरं जाड घरटं विणलंय, छोटा तंबूच. आत गेलीय, बाहेर येत नाही. अंडी! नक्की अंडी! नातीला कळवू का? नको. आधी पिल्लं होऊ देत.

२७ फेब्रुवारी

हालचाल नाही. पाणी शिंपडलं, थेंब तसेच वाळले. मेली असेल का आत? भिंगातून नुसतं पांढरं दिसतं.

२८ फेब्रुवारी

काय केलं मी हे!

राहवलं नाही. झाकण उचललं. घरटं झाकणालाच चिकटलेलं असतं हे मला ठाऊक होतं — ठाऊक होतं! — आणि तरी वरूनच उघडलं. तंबू टराटरा फाटला. टपोरी जिवंत होती. पिवळी अंडी मोत्यांसारखी एकाला एक लागून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकेक करून खाऊन टाकली. माझ्या डोळ्यांदेखत.

पेरलेलं उकरून बघू नये, हे मी सगळ्या जगाला सांगत आले.

१ मार्च

जेवण गेलं नाही.

४ मार्च

टपोरी कशी आहे? — आले तीन शब्द. 'बरी आहे' लिहिलं. 'लवकर लिही' लिहायची आज हिंमत झाली नाही.

६ मार्च

पुन्हा नर मागायला गेले. पक्षीवाला म्हणाला, "नको आजी. एकदाचं लग्न पुरतं यांना. पुन्हा घालेल अंडी, अंगात जोर असला तर."

जोर असला तर. सुकलीय पार. डबीत वर चढताना दोनदा थांबते.

१३ मार्च

पुन्हा तंबू! अगदी झाकणाच्या कडेला, पहिल्याहून पातळ. झाकणावर कागद चिकटवलाय — 'हात लावशील तर खबरदार'. स्वतःसाठीच.

२६ मार्च

आज एक गोष्ट घडली, ती नीट लिहिते.

सुट्टी होती. मुलगा माझ्या खोलीत आला, एरवी कधी येत नाही. उन्हाची तिरीप टपोरीच्या फळीवर सरकत होती. हा झटकन पुढे झाला, पडदा ओढला, आणि डबी उचलून आतल्या बाजूला ठेवली. अशी हळुवार उचलली की मी बघतच राहिले.

"तुला कधीपासून यांची काळजी?"

कॉटच्या कडेला बसला. उजव्या अंगठ्याच्या नखावरची चीर चोळत राहिला. कारखान्यात लेथ मशीनवर तो अंगठा चेपला होता, ऐन तरुणपणी. मधोमध दुभंगलेलं, एका बाजूला काळं नख. नात लहान होती तेव्हा रोज त्यावर फुंकर घालायची, बरं होईल म्हणून.

"भांडण झालं ना आई, तेव्हा ती म्हणाली होती, यांना ऊब लागते, तुला काय कळणार. मला झोप नाही आली. गारठा होता. म्हटलं जरा ऊन दाखवू. बंद डबीत एवढं तापेल हे... मला कुठे माहीत?"

"अरे मग तिला सांगितलं का नाहीस!"

"मेलेच होते ना ते. सांगून उठले असते?"

पडद्याची कड नीट करत म्हणाला, "तू सांगायचं नाही हं तिला. आईने बोलून मिटवलं असं नको." मी मान हलवली, तो उठून गेला.

हे ओझं आता माझ्या छातीवर. माझा मुलगा! उन्हाला माया समजला. आणि मी एवढे दिवस त्याच्याशी तुटक वागले.

१० एप्रिल

घरट्याच्या कडेतून एक पाय लोंबतोय. वाळलेला. तासभर बघतेय. हलत नाही.

गेली माझी टपोरी. पिल्लांचा पत्ता नाही. संपलं सगळं.

११ एप्रिल

टपोरी कशी आहे?

उत्तर दिलं नाही. काय देऊ?

१४ एप्रिल

पुन्हा विचारलंय. नुसतं प्रश्नचिन्ह. मोबाईल गादीखाली ठेवला. तिथून काय, ऐकू यायचं ते येतंच. ज्या दिवशी खरं लिहीन, त्या दिवसापासून ती काय म्हणून विचारेल? म्हातारीच्या गुडघ्याची कुणाला पडलीय!

१७ एप्रिल

"आई! आई, इकडे ये!"

मुलगा कामावर जाताना डोकावला होता. डबीत मोहरीएवढे काळे ठिपके, आणि ठिपके चालतायत! टपोरीच्या मेलेल्या पायावरून उतरून काचेवर पसरतायत. मी रडायला लागले तर म्हणतो, "रडू नकोस, पाणी पडेल त्यांच्यावर."

कामाला दांडी मारली. कारखान्यातून आणून ठेवलेल्या स्क्रूच्या छोट्या डब्या रिकाम्या केल्या, झाकणांना बारीक भोकं पाडली. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. मी सांगायच्या आधी तोच म्हणाला! कुठून वाचलं? कोण जाणे. माझे हात थरथरतात म्हणून रंगाच्या ब्रशने तो एकेक उचलत होता. एक पिल्लू ब्रशवरून उडालं आणि थेट त्याच्या अंगठ्यावर. भिंगातून बघते तर दुभंगलेल्या नखाच्या मधोमध बसून पुढचे चार डोळे वर करून त्याच्याकडे बघतंय! हा दगड झालेला. श्वास घेईना.

मी फोटो काढला. हलायच्या आत काढला.

"पाठवू?"

पिल्लाला ब्रशने अलगद डबीत उतरवलं. मग म्हणाला, "पिल्लू दिसतंय ना नीट? मग पाठव."

लिहिलं : टपोरी गेली, बाळा. मी लपवून ठेवलं, रागावू नकोस. ही तिची लेकरं. — आणखी काही नाही. दिलेला शब्द पाळला.

१८ एप्रिल

काही नाही.

१९ एप्रिल

काही नाही. पिल्लांना बारीक माश्या घातल्या.

२० एप्रिल

सकाळीच आलं. टपोरीचं एका अक्षराने विचारलेलं नाही. पिल्लांचंही नाही.

'आजी, हा अंगठा बाबाचा आहे ना? तो कसा आहे? लवकर लिही.'