आल्झिराची पहिली मिठी

आदरणीय दाल्विनाताई यांस ओस्मारचा सादर नमस्कार,

मातीची भट्टी, कोंबड्यांचं दुमजली खुराडं, चर्चमधल्या पापनिवेदनाच्या खोलीचं न किरकिरणारं दार आणि मागल्या खेपेस तुम्ही झोपलात तो पलंग (डुगडुगते ती फरशी, पलंग नव्हे) हे सगळं मी कुणाकडेही न शिकता याच दोन हातांनी केलं, हे आपण जाणताच. त्यात आता एका वस्तूची भर पडली आहे. पण आधी आपले गुडघे कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला?

इकडे आपल्या बहिणीच्या दंडांचं ऑपरेशन झालं. साखरेच्या दुखण्यापायी तिनं निम्मी काया उतरवली, पण दंडांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली; तीच कापून काढली. आपल्याकडे तिला ‘टाटा करणारं मांस’ म्हणतात. आल्झिरानं टाटा करणंच सोडलं होतं. जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्या. मिठी मारायची तीही कोपरं बरगड्यांना चिकटवून, काखेत अंडी धरल्यासारखी. आधी दंड जाड म्हणून, मग सैल म्हणून. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला तरी तिची याहून वेगळी मिठी ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत आणि मिठ्या बंद. आमच्या गावात मिठ्या बंद! घरी उतरतोय तोच इरासी पाववालीनं मागून येऊन, “अगं माझ्या लेकी!” म्हणत असा वेढा घातला की डाव्या दंडाचे टाके तुटले. डॉक्टर कडाडले, “बाई, ही जखम आहे, कणीक नाही! पुन्हा उसवली तर हात नीट उघडायचाच नाही.”

मग मी कामाला लागलो. वेताचं कडं, कमरेभोवती फिरेल आणि खांद्यांवरून पट्ट्यांनी लटकेल असं. मापासाठी गावातला सर्वांत लांब हात धरला: नेस्तोर खाटकाचा, काखेपासून बोटाच्या टोकापर्यंत एकोणऐंशी सेंटिमीटर. (“शवपेटी करतोस की काय?” म्हणाला.) तोही पोचू नये म्हणून चहूबाजूंनी ऐंशी ठेवले. घालून झाल्यावर कळलं की स्वयंपाकघराचं दारच ऐंशी रुंद आहे. (दार मी केलेलं नाही.) तेव्हापासून आल्झिरा दिवसभर अंगणात घंटेसारखी बसते. इरासी तिला भट्टीच्या लांब फावड्यावरून कॉफी पोचवते आणि लांबूनच रडते. रात्री कडं निघतं, पण मग उशांचा डोंगर असतो आणि मी शेजारच्या खोलीत.

काल ती बिनबाह्यांचा झगा घालून कड्यात उभी होती. मी बघतोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दोन्ही हात हळूहळू बाजूंना पसरले. बराच वेळ तशीच उभी होती.

बाकी क्षेम. कळावे,
आपला ओस्मार

ता. क. कडं शनिवारी, संत जुआंवच्या जत्रेला उतरणार. आपण शनिवारच्याच बसनं येताय असं कळलं. ताई, आपली मिठी साऱ्या मिनास प्रांतात प्रसिद्ध आहे. कृपया रविवारच्या बसनं यावं. केवळ जखमेसाठी म्हणतो.

आणखी ता. क. खोटं कशाला बोलू, जखम उत्तम भरली आहे. डॉक्टर म्हणतात, शनिवारनंतर कुस्ती खेळा. तरीही रविवारीच यावं.

शेवटचा ता. क. चर्चच्या छपराच्या वर्गणीसाठी जत्रेच्या लिलावात, भाजलेल्या कोंबडीच्या आधी, ‘आल्झिराची पहिली मिठी’ ठेवावी असं फादरनी सुचवलं. आल्झिरा म्हणाली, “ओस्मारला विचारा, रांगेत पहिला तोच उभा आहे.” एवढ्यात नेस्तोरनं बोली लावलीसुद्धा. छप्पर मी फुकट शाकारून देतो म्हटलं, पण बोलीला साफ नकार दिला. बोली पाचशे रेआलची होती.