खरं नाव, खरं गाव

२३ नोव्हेंबर २०१४

आज मले एका कंपनीनं नाव इचारलं. आडनाव इचारलं. गाव कोणतं, शाळा कोणती, आवडते काय, तेही. सासरी येऊन माझा जन्म गेला, एवढं कोणी इचारलं नोतं.

कंपनी म्हणजे फोनातली. फोटो टाकतात, दोस्ती करतात, ते. नात रोशनी पुसदले अकरावीत जाते, तिच्यापाशी फोन हाय. माझं खातं उघडून दे म्हणून मीच तिच्या मागं लागली.

"दादी, तुले कायले पाह्यजे?"

म्हटलं, पाह्यजे.

यंदा भाव नाही म्हणून कापूस घरातच भरला. पुढची खोली आढ्यापर्यंत गच्च. पोरगा रूपसिंग म्हणते, भाव चढेपर्यंत खाजवत झोपा. पण त्या ढिगावर चढून खिडकीकडं फोन धरला की रेंज येते. तर मीही चढली. लई मऊ. वरून सारं घर दिसते, चुलीवरचं दूध उतू चाललेलंही दिसलं. उतरेपर्यंत गेलंच.

२५ नोव्हेंबर

जन्मतारखेवर गाडी अडली.

रोशनी म्हणे, "एक जानेवारी टाकतो. सारे म्हातारे एक जानेवारीलेच जन्मलेत."

मी नाही म्हटलं. माझी याडी, म्हणजे माय, सांगे, पाऊस उघडला होता आन् तिळाले फुलं होती, तेव्हा तू झाली. म्हणजे भादवा. रोशनीनं सप्टेंबर टाकला, तारीख अंदाजानं.

"कायले एवढं खरं खरं, दादी? कोणी खरं टाकत नाही तिथं." तिनं स्वतःचं नाव एंजल रोशनी टाकलं हाय आन् वय अठरा. सोळाची हाय. काल मले म्हणे, फोनवाल्याले सारं सांगू नये, चोर असतात. चोर माझं काय नेईल? कापूस? त्यानं नेला तर रूपसिंग हमाली देईल त्याले.

२८ नोव्हेंबर

आज रोशनीले सांगतलं. ती रांगत होती तेव्हाची गोष्ट, तिले कोण सांगणार!

तुले एक आत्या हाय. उज्ज्वला. आपण राठोड आन् तिनं लग्न केलं राठोडाशीच. आपल्यात राठोड-राठोड म्हणजे भाऊ-बहीण. आडनाव बदललं नाही तिचं, तेच तर सारं भांडण. तुह्या बापानं तांड्याच्या नायकासमोर, साऱ्या लोकांसमोर सांगतलं — आमची बहीण मेली. तिच्या नावानं जेवणही घातलं. मी वाढलं. लोक जेवले. भाजीत मीठ जास्त झालतं, तेही बोलले.

तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही.

रोशनीनं फोन हातात घेतला. मंग म्हणे, "शोधू ना." शोधलं. उज्ज्वला राठोड टाकलं तर सरकवून सरकवून बोट दुखलं, संपतच नाही. चेहऱ्याच्या जागी कोणाचं फूल, कोणाचा गणपती. त्यातली माझी कोणती?

म्हणून मी खरं टाकतो म्हटलं. मले ती सापडत नाही तर तिले मी सापडू दे. भुरीबाई राठोड, आमचा तांडा, सप्टेंबर. दर भादव्यात पोरगी तिळाचं फूल आणून माझ्या केसात खोवे. तिले महिना पाहून समजल.

२९ नोव्हेंबर

पाठ धरली. कापसावरून उतरताना. सून म्हणे, वर काय करून राह्यल्या बाई? म्हटलं, कापूस दाबून राह्यली.

२ डिसेंबर

आता नंबर मागते. नंबर टाकला की त्यावर आकडे येतात, ते भरले की खातं. एका नंबरावर एकच. रोशनीच्या नंबरावर ती एंजल बसली हाय. सुनेपाशी फोन नाही, माझ्यापाशी नाही. उरला रूपसिंगचा.

त्याच्या फोनात आकडे आले तर तो इचारल. मंग काय सांगू? परवा टीव्हीवर त्या फोनवाल्यांची बातमी लागली तर म्हणे, "रिकामटेकड्यांचे धंदे." टीव्हीच बंद केला.

रोशनी म्हणे, बाबा आंघोळीले गेले की करू. बादलीचा आवाज आला की आकडे पाहायचे, पुसून टाकायचे. पोरगी हुशार हाय. कोणावर गेली माहीत हाय मले.

४ डिसेंबर

केलं. बादली वाजली, रोशनीनं नंबर टाकला.

आकडे आलेच नाही. फोन म्हणे, या नंबरावर खातं पहिलेच हाय. हे तुम्हीच काय? आन् खाली नाव — किसनराव पाटील, नागपूर.

"दादी, हा किसनराव कोण?"

मले काय माहीत. चेहऱ्याच्या जागी बैलाचा फोटो. रोशनीनं मोठा केला. आमचाच पांढऱ्या. शिंगाले लाल गोंडा, पोळ्याले मीच बांधलेला.

नाव खोटं. गाव खोटं. रोशनीनं पाह्यलं तर दोस्ती एकाच माणसाशी. उज्ज्वला राठोड.

तिच्या फोटोच्या जागी नुसतं फूल होतं. तिळाचं. रोशनीनं दाबलं तर आत बरेच फोटो. जाडी झाली. चष्मा लागला. दोन पोरं, धाकट्याचा एक दात पडला. घरापुढं तुळस हाय, पण कुंडी फुटकी. बदलायले पाह्यजे. प्रत्येक फोटोखाली किसनरावनं अंगठा दिला. दोन वर्षांपासून एकही सोडला नाही.

बादली थांबली. आम्ही दोघी कापसावर बसून राह्यलो.

५ डिसेंबर

जेवताना मी म्हटलं, "किसनराव, भाकर वाढू काय?"

रूपसिंगचा हात ताटातच थांबला. सून पाहत राह्यली, तिले वाटलं म्हातारी चळली. रोशनी पाणी आणायले उठली, गडू भरलेला होता तरी.

मान वर केली नाही त्यानं. ताट पुढं सरकवलं.

"अर्धी दे," म्हणे. मंग भाकर मोडता मोडता, "याडी, ती सकाळी असते तिथं. पोरं शाळेत गेल्यावर."