नमुना नंबर सतरा

११ नोव्हेंबर १९३५, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. महाडला परत. मॅट्रिकला चार महिने. आजपासून कडक टाईमटेबल: पहाटे पाचला उठणे, रोज डिक्शनरीतले वीस शब्द. मास्तर म्हणाले, व्याकरण पुष्कळ झालं, आता व्यवहाराचं इंग्रजी शिका. अर्ज, पत्रं, तारा. मला काळजी नाही. नमुनापत्रांच्या पुस्तकातली एकतीस पत्रं तोंडपाठ आहेत. चाळीस झाली की इंग्रजीत सांगण्यासारखं काही उरणार नाही.

१२ नोव्हेंबर
साडेसातला उठलो. थंडी फार. शब्द चार झाले, पण चारही लांब होते.
वर्गात आज तक्रार लिहायची होती, पार्सल हरवल्याची. नमुना नंबर नऊ धाडधाड उतरवला. मास्तर म्हणाले, पार्सल हरवलंय, तुझं तर भिजलेलं दिसतं. मी म्हणालो, भिजणं जास्त वाईट. मास्तर पुढच्या बाकाकडे वळले. पटलं असावं. शेजारी बसणाऱ्या जलीलने चार ओळीच लिहिल्या. बाप तांदळाचा व्यापारी, चुलता बोटीवर खलाशी. इंग्रजी चुलत्याकडून आलेलं, त्याला ना रंग ना रूप.

१६ नोव्हेंबर, शनिवार
कापड्याला मामाकडे. येसाजीमामा मुंबईत एका इंग्रज कंपनीत शिपाई. भात झोडायला रजा घेऊन आला आणि खळ्यात पाय मुरगळून बसला. घोटा टम्म सुजलाय, वर हळदीचा लेप. रजा बुधवारी संपते. मामा म्हणाला, "महिपत, साहेबाला लिव रे बाबा. चौदा वर्साची नोकरी हाय. ती आता तुज्या हातात."
ऊर भरून आला. आवडीमामीने माझ्यासाठी घोंगडी अंथरली. नमुना नंबर सतरा: रजा वाढवून मिळण्याबद्दल. बोलूनचालून सुंदर पत्र. फक्त त्यातलं कारण बहिणीच्या लग्नाचं आहे. बदलावं का, असा विचार केला. पण पाठ केलेल्या इंग्रजीत मध्येच हात घातला की पुढचं आठवत नाही. शिवाय साहेब रजा बघेल, कारण कशाला बघत बसतोय!
मामाला बहीण एकच, म्हणजे माझी आई. तिचं लग्न होऊन वीस वर्षं झाली. असो. मामाने खाली मोडीत सही केली. कंपनीचा पत्ता छापलेलं पाकीट त्याच्याजवळ होतंच.

१७ नोव्हेंबर
पत्र महाडच्या पेटीत टाकलं. जलील म्हणाला, पाय दुखावलाय, अमक्या तारखेला येतो, एवढं लिहिलं की झालं. असं तर गोदीतला हमालही सांगेल. मला त्याची कीव आली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
जलील बापाबरोबर कापड्याला भात घ्यायला गेला होता. येताना साहेबाचं उत्तर घेऊन आला, मामाने माझ्याकडे धाडलेलं. पाकीट फोडलेलं होतं. का, ते विचारायचं राहिलं.
साहेब लिहितो, याच आठवड्यात महाड-पोलादपूरकडच्या चार शिपायांची पत्रं आली. चौघांच्याही बहिणींची लग्नं. शब्द न् शब्द तोच. चारही लग्नं एकाच मंगळवारी. सोमवारपर्यंत खरं कारण कळवा, नाहीतर जागेवर दुसरा माणूस घेऊ.
पुस्तकाचा खप चांगला दिसतो.
जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर
तारेचा मसुदा केला. सत्तावन्न शब्द. पुस्तकात पाय मुरगळल्याचा नमुनाच नाही! आजोबांचं निधन आहे, घोडा विकणे आहे. जलीलने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "लेग हर्ट. कमिंग फिफ्थ डिसेंबर. येसाजी." तारबाबूने वाचलं आणि लगेच ठोकायला घेतलं. इतकं उघडंबोडकं इंग्रजी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मामाचं नाव नीट अक्षरात लिही, ही सूचना माझी.

२८ नोव्हेंबर
उत्तर आलं. रजा मंजूर. येताना डॉक्टरची चिठ्ठी आणावी. सूचना उपयोगी पडली.

३० नोव्हेंबर, शनिवार
कापडे. भावाला निरोप द्यायला आई आली होती. मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "महिपतच्या इंग्रजीनं नोकरी राह्यली." आईने डोळ्याला पदर लावला. मी "नाही, नाही" म्हणालो, पण हळू.

३ डिसेंबर, मंगळवार
दासगावच्या धक्क्यावर मामाला पोचवायला गेलो. लाँच लागली होती. राहवेना. सांगून टाकलं, मामा, तार जलीलने लिहिली.
मामा हसला. "ठावं हाय. साहेबाचं पत्र आलं तवा त्यानंच वाचून दावलं. म्या तवाच वळखलं, आता त्योच लिवनार. पर तुजी आय तुज्या शाळंपायी दोन वर्सं लोकांच्या शेतात राबते. तिच्याम्होरं काय सांगू?"
मी मामाचं गाठोडं उचललं. फार लाज वाटली.
लाँचवर चढताना मामा म्हणाला, "साहेबाला आभाराचं धाडा. पत्र जलीलला लिवू दे. तू पाकिटावर पत्ता लिव. तुजं अक्षर ब्येस हाय."
विचार केल्यावर पटलं. खरं महत्त्व पत्त्यालाच. पत्त्याशिवाय पत्र जाणार कुठे? उद्यापासून पहाटे पाच.

८ डिसेंबर, रविवार
नऊला उठलो. आभाराचं पत्र जलीलने लिहिलं, तीन ओळी. पत्ता मी घातला. झरझर, न थांबता, इतका वळणदार की मीच दोनदा पाहिला. जलीलने पाकीट हातात घेतलं, वाचलं. मग दुसरं पाकीट आणायला गेला.
मी पुस्तक काढून ताडून पाहिलं. एक अक्षर चुकलं नव्हतं. नमुना नंबर सतरावरचा पत्ता, पुण्याचा.